तायडे मॅडम आणि ‘टर्न्ड डाऊन’

तायडे मॅडमना राग आला की त्या हळू बोलायच्या. आमच्या कॉलेजात बाकी सगळ्यांचा राग वर चढायचा, प्राचार्यांचा तर मैदानापर्यंत ऐकू जायचा. मॅडमचा आवाज मात्र खाली खाली जायचा आणि ऐकायला समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. वाकला की तो सापडलाच.

यावल तालुक्यातल्या एका गावच्या ज्युनिअर कॉलेजात आम्ही बरीच वर्षं बरोबर काढली. मी मराठी शिकवायचो, त्या इंग्रजी. त्या रावेरकडच्या. वडील दुसऱ्यांच्या बागांत केळीचे घड कापायला जायचे. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर एकदा पडला की कपडा फाटेपर्यंत जात नाही. मॅडम म्हणायच्या, “डाग नसलेलं कापड आमच्या घरात माझ्या पहिल्या पगाराला आलं.” त्यांच्या साड्या फिक्या रंगाच्या आणि कडक इस्त्रीच्या असायच्या. त्या साडीला खडूची भुकटी लागलेलीही त्यांना चालत नसे. तास संपला की दारातच पदर झटकायच्या.

त्या रुजू झाल्या त्या आठवड्यातली गोष्ट. आमच्यातल्या एका जुन्या शिक्षकांनी चहाच्या वेळी हसत हसत विचारलं, “मॅडम, तुम्ही रिझर्व्हेशनमधून आलात का?” त्या कपात बघत म्हणाल्या, “नाही सर, एस.टी.तून. रिझर्व्हेशन कधी मिळत नाही, उभ्यानंच येते.” कोणी हसलं नाही. त्या सरांनी पुढची सगळी वर्षं त्यांना कुठलाच प्रश्न विचारला नाही.

त्यांच्याकडे एक लाल पेन असे. कॉलेजात आलेला इंग्रजीतला कुठलाही कागद त्या ते पेन घेऊनच वाचायच्या. परिपत्रक असो, लग्नपत्रिका असो की नळाच्या मोटारीबरोबर आलेलं माहितीपत्रक असो. चूक दिसली की गोल. प्राचार्यांच्या सूचनेवरही गोल काढायच्या आणि सूचना फलकावर परत लावून यायच्या. खडू वापरण्याआधी तो मोडून त्याचे दोन तुकडे करायच्या. अख्खा खडू किंचाळतो, अर्धा गुमान चालतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण या व्यक्तीबद्दल लिहायला बसलो ते या सवयींसाठी नाही. त्यांचा राग मला लिहायचा आहे. तो राग मी जवळून पाहिला आणि त्यात मला वाटेकरी होता आलं नाही.

आधी हे सांगितलं पाहिजे की मॅडम निकालाच्या पक्क्या होत्या. बारावीचा इंग्रजीचा निकाल तालुक्यात आमचा चांगला लागायचा, आणि त्यासाठी त्या काय करायच्या हे सगळ्यांना माहीत होतं. पत्रलेखन घोटून घ्यायच्या, उतारे घोटून घ्यायच्या. ज्याला मार्क कमी आणि कष्ट जास्त, ते सोडायला सांगायच्या. फ्रेजल व्हर्ब त्यात पहिल्या. क्रियापदाला अप, डाऊन, आउट, ऑफ असलं शेपूट लागतं आणि अर्थ पार बदलतो. मुलं गाइडातली यादी पाठ करायची आणि परीक्षेत ‘गिव्ह अप’चा अर्थ ‘वर देणे’ असा लिहून यायची. मॅडमनी वर्गाला स्वच्छ सांगून टाकलं होतं, दोन मार्कांचा प्रश्न आहे, ऑप्शनला टाका.

ज्योती त्या वर्षी अकरावीत होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून यायची, अर्धी वाट पायी, अर्धी वाट एस.टी.नं. घरात शिकलेली ती पहिलीच. तिचे वडील सुपडूभाऊ केळीच्या बागांत मजुरी करायचे. पोळा झाल्यावर तिच्या आईला ताप आला. डेंग्यूची साथ होती. गावातल्या दवाखान्यातून तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या सिस्टरनं एक छापील इंग्रजी कागद आणून सुपडूभाऊंच्या हातात दिला. त्यात मधल्या दोन ओळी पेनानं भरलेल्या होत्या. वाचून सही करा, एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

सुपडूभाऊंनी कागद पोरीकडे दिला. पोरीला इंग्रजी येत होतं.

त्या कागदाची झेरॉक्स मी पुढे पाहिली. रुग्णाला मोठ्या दवाखान्यात नेण्याची गरज नातेवाइकांना समजावून सांगितली, असं पहिल्या ओळीत होतं. दुसऱ्या ओळीत होतं ‘टर्न्ड डाऊन बाय रिलेटिव्हज’. शेवटी ‘अॅट देअर ओन रिस्क’. ज्योतीनं ते नीट वाचलं. रेफर हा शब्द तिनं ऐकलेला होता. टर्न म्हणजे वळणं, डाऊन म्हणजे खाली. डोंगराकडची सगळी माणसं जळगावला ‘खाली’ म्हणतात. खाली जायचं, खालून आलो, खालच्या डॉक्टरला दाखवलं. आईला खाली पाठवतायत, असा तिनं अर्थ लावला. रिस्क म्हणजे वाटेत काही झालं तर आपली जबाबदारी, हेही तिला पटण्यासारखं होतं. तिनं बापाला सांगितलं, जळगावला नेतायत, सही करा. सुपडूभाऊंनी सही केली.

मग त्यांनी कपड्यांचं बोचकं बांधलं, पाण्याची बाटली भरून घेतली आणि दवाखान्याच्या पायरीवर गाडीची वाट बघत बसले. दुपार झाली. ज्योती एकदा आत जाऊन विचारून आली. थांबा, डॉक्टर राउंडला आहेत, असं तिला सांगितलं. त्यांनी नको म्हटलंय असं कागद सांगत होता, मग गाडी बोलवायची कोणी? दिवस मावळायच्या आत तिची आई गेली.

दोन आठवड्यांनी ज्योती कॉलेजात आली. मधल्या सुट्टीत त्या कागदाची दवाखान्यातून मिळालेली झेरॉक्स घेऊन स्टाफरूममध्ये मॅडमकडे आली. मी शेजारच्या टेबलाशी वह्या तपासत होतो. मॅडमनी सवयीनं लाल पेन उचललं, कागद वाचला आणि पेन बाजूला ठेवलं. खुर्ची ओढून ज्योतीला बसवलं. आमच्या स्टाफरूममध्ये विद्यार्थी कधी बसत नसत.

ज्योती म्हणाली, “मॅडम, टर्न्ड डाऊन म्हणजे खाली पाठवलं, असंच ना? मग त्यांनी पाठवलं का नाही?”

मॅडमनी पुढे कधीतरी मला सांगितलं, की त्या क्षणी ‘हो’ म्हणावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं. पण त्या म्हणाल्या, “नाही ज्योती. ते दोन शब्द एकत्र आले की अर्थ वेगळा होतो. टर्न डाऊन म्हणजे नाकारणं. तुम्ही नको म्हणालात, असं लिहिलंय इथं.”

“आम्ही नको नाही म्हणालो.”

“मला माहीत आहे.”

ज्योतीनं त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “मीच वाचून सांगितलं बाबांना.”

“तू नाही,” मॅडम म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की मी वहीवरून मान वर केली. “हे मी शिकवायला पाहिजे होतं. मी ऑप्शनला टाकायला सांगितलं.”

ज्योती रडली नाही. कागदाची घडी घालून तिनं तो दप्तरात ठेवला आणि तासाला गेली. मॅडम त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मराठीत असं काही आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, आहे की. ‘तो बोलून गेला’ घ्या. त्यात कोणी कुठं जात नाही. ‘नको ते करून बसला’ म्हणताना माणूस उभासुद्धा असतो. ‘ऐकून घेतलं’ म्हणताना हातात काही येत नाही. त्यांनी ते सगळं एका कागदावर लिहून घेतलं. मी व्याकरणातलं नाव सांगू लागलो तर म्हणाल्या, “नाव राहू द्या, सर. नावानं कोणाचं भागलं नाही.”

त्या दिवशी त्यांनी खडू मोडला आणि फळ्यावर माझीच वाक्यं मराठीत लिहिली. इंग्रजीच्या तासाला मराठी पाहून पोरं हसली. मग मॅडमनी विचारलं, “बोलून गेला. कुठं गेला?” मागून कोणीतरी म्हणालं, “कुठीच नाही.” “हे तुम्हाला कोणी पाठ करायला दिलं होतं? नाही. मग कळलं कसं? ऐकून ऐकून. घरी, बागेत, एस.टी.त. इंग्रजी तुमच्या कानावर पडत नाही, म्हणून तुम्ही त्याचा एकेक शब्द सुटा करून बघता. इंग्रज ते सुटं करत नाही.”

यादीला त्यांनी बंदी घातली. प्रत्येकानं रोज असं एक वाक्य आणायचं, पण गाइडातून नाही, आपल्या अंगणातून. कोणी फवारणीच्या औषधाच्या डब्यावरून आणलं, कोणी मोबाईलवर आलेल्या निरोपातून. चोपडा रस्त्यावर एस.टी. ‘ब्रोक डाऊन’ झाली; गाडी तुटलेली नाही, बंद पडलीय. डिझेल ‘रन आउट’ झालं. डिझेल पळून गेलेलं नाही, संपलंय. मोटार चालू करणं ‘ऑन’, बंद करणं ‘ऑफ’, पण मीटिंग ‘पुट ऑफ’ झाली म्हणजे बंद नाही, पुढे ढकलली. ‘लुक’च्या मागे ‘आफ्टर’ आलं तर सांभाळणं, ‘इन्टू’ आलं तर चौकशी करणं, ‘डाऊन ऑन’ आलं तर तुच्छ लेखणं. हे शेवटचं सांगताना त्यांनी वर्गाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “याचं उदाहरण मी देत नाही, तुमच्यातल्या अर्ध्यांना घरचं माहीत आहे.”

‘टर्न डाऊन’ त्यांनी सर्वांत शेवटी घेतलं. ज्योती पहिल्या बाकावर होती. ‘इट’सारखं सर्वनाम आलं की ते मधे बसतं, ‘टर्न इट डाऊन’. लहान लेकरू आईबापाच्या मधे बसतं तसं, असं त्यांनी समजावलं. नाकारणं, एवढाच अर्थ लिहिला आणि वर्गाला म्हणाल्या, “शब्द कळला म्हणून वाक्य कळलं असं समजू नका. आणि वाक्य कळत नसेल तर सही करू नका. समोर कोणीही उभं असो.”

पण राग वर्गात मावणारा नव्हता. एका शनिवारी त्या सुपडूभाऊंना घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. मला म्हणाल्या, चला, साक्षीला कोणी पाहिजे. मी गेलो.

डॉक्टर सभ्य माणूस होते. बसा म्हणाले. फाइल मागवली, सही दाखवली. मुलगी कॉलेजात शिकते, तिनं वाचून मग वडिलांनी सही केलीय, आमच्या बाजूनं कागद पूर्ण आहे, असं म्हणाले. सुपडूभाऊ खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते म्हणाले, “आम्ही बोचकं बांधून बसेल होतो साहेब. पायरीवरच. तुमी दोनदा आमच्याजवळून गेले.”

डॉक्टर म्हणाले, मला वाटलं तुम्ही इथंच ठेवायचं ठरवलंय.

मॅडम इतक्या हळू बोलल्या की डॉक्टर टेबलावर पुढे झुकले. “गोळी कधी घ्यायची ते तुम्ही यांना मराठीत सांगता. पथ्य मराठीत सांगता. बिल कुठं भरायचं ते मराठीत सांगता. मग नको म्हटल्याचं तेवढं इंग्रजीत का लिहिता?”

डॉक्टरांनी फाइल मिटली. ही भाषा नियमातली आहे, असं काहीतरी पुटपुटले आणि पुढचा पेशंट बोलावला.

मॅडमनी जळगावला वरच्या कार्यालयात तक्रार दिली. चौकशी लागली. तीनदा तारीख पडली. दर वेळी मॅडम रजा टाकून सुपडूभाऊंबरोबर गेल्या. तिसऱ्या वेळी निर्णय आला, कागदपत्रं नियमाप्रमाणे आहेत. निर्णय इंग्रजीत होता. मॅडमनी तो कार्यालयाच्या व्हरांड्यात उभं राहून सुपडूभाऊंना मराठीत वाचून दाखवला, एकही ओळ न गाळता. सुपडूभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता राहू द्या मॅडम. माह्याकडून आता येनं होत नाही.” त्या म्हणाल्या, तुम्ही येऊ नका, मी येते. आणि पुढच्या अर्जांसाठी त्या एकट्या जात राहिल्या.

तो दवाखाना चालवणारे डॉक्टर आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे व्याही होते. हे मॅडमना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलाही. दिवाळीनंतर प्राचार्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावून एक निवेदन पुढे केलं. तायडे मॅडम कॉलेजबाहेरच्या भानगडींत पडतात, त्यानं संस्थेची बदनामी होते आणि मुलांचं नुकसान होतं, असं त्यात लिहिलं होतं. खाली आमच्या नावांपुढे सहीसाठी जागा सोडलेली होती.

मी सही केली. निवेदन मराठीत होतं. मला त्यातला प्रत्येक शब्द कळत होता.

संस्थेची एक शाळा धुळ्याला आहे. मॅडमची तिथं बदली झाली. निरोपसमारंभ झाला नाही, कारण ठेवायचा कोणी, हाच प्रश्न होता. शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, पिशवी उचलली आणि दारात थांबून सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माझ्याकडे जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं. कदाचित नसेलही. ‘येते’ असं म्हणायची आपली रीत आहे. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

तालुक्याच्या त्या दवाखान्यात आता मराठीत छापलेला कागद असतो. मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे का, हो किंवा नाही, असं त्यावर ठळक अक्षरांत आहे. हा बदल आपण स्वतःहून केला असं डॉक्टर सांगतात. ज्योती बारावी झाली. सगळ्यांनी नर्सिंगला जा म्हटलं, तर तिला दवाखान्याच्या पायऱ्या चढवत नाहीत. सध्या ती रावेरला केळी पॅकिंगच्या एका गोदामात गाड्यांची नोंद ठेवते आणि बाहेरून बी.ए. करते. इंग्रजी घेऊन.

मागच्या वर्षी पेपर तपासणीच्या कामासाठी मला धुळ्याला जावं लागलं. काम लवकर आटपलं. जावं की न जावं असं करत मॅडमच्या शाळेत गेलो तर शनिवार, शाळा सुटलेली. शिपाई म्हणाला, “त्या बाई ना? दर शनवारले सरकारी दवाखानामा जातस. तठे बाकडावर बठेल ऱ्हातीस.”

तिथं त्या होत्या. केस पेपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर, फिकट निळ्या साडीत. पुढे चार-पाच माणसं हातात कागद घेऊन उभी. त्या एकेकाचा कागद वाचायच्या, सांगायच्या, मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून द्यायच्या. मला पाहिलं. ओळख दाखवली, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, “चष्मा आणलाय? मग बसा. त्या आबांचा कागद बघा.”

आबा सत्तरीतले असतील. जरा लांबच उभे होते, तोंडाला उपरणं लावून. मी कागद घेतला. अक्षर किरटं होतं. ‘टू रूल आउट टी.बी.’ एवढं मला लागलं. रूल म्हणजे नियम, राज्य. आउट म्हणजे बाहेर. टी.बी. मात्र स्वच्छ वाचता येत होतं.

“काय लिखेल शे?” आबांनी विचारलं.

मी कागद पालटून पाहिला. मला येत नव्हतं, आणि येत नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. आबाच म्हणाले, “टी.बी.च शे ना? माहीत शे. नातूनी वाचं. आठ दिवस झाये, घरमा मनं ताट येगळं काढेल शे.”

मॅडमनी माझ्या हातातून कागद घेतला. वाचला. “आबा, तुम्हाला टी.बी. आहे असं यात लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “टी.बी. नाही ना, याची खात्री करून घ्या, असं लिहिलंय. थुंकी तपासायला सांगितलीय. तपासली का?”

आबा म्हणाले, नाही, टी.बी. शे म्हणताच घरचे घेऊन गेले, आज औषधासाठी आणलंय.

“सोबत कोण आलंय?”

आबांनी बाहेर बोट दाखवलं. गेटजवळ मोटारसायकलला टेकून त्यांचा मुलगा उभा होता, रुमालानं नाक-तोंड बांधून.

मॅडम उठल्या. आबांच्या दंडाला धरून आधी त्यांना तपासणीच्या खिडकीशी नेलं, नमुन्याची डबी घेऊन दिली, काय करायचं ते समजावलं. मग त्यांना घेऊन गेटकडे निघाल्या. माझी बसची वेळ झाली होती, मी मागून निघालो. त्या मुलाशी त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तो मात्र पुढे वाकून ऐकत होता. मधेच त्यानं तोंडावरचा रुमाल काढला.

गेटबाहेर चहाची गाडी होती. मी रिक्षात बसलो आणि वळून पाहिलं. मॅडमनी बापलेकांना एकाच बाकड्यावर बसवलं होतं, दोघांच्या हातांत चहा होता, आणि त्या हाताची घडी घालून समोर उभ्या होत्या. मुलगा जरा सरकून बसायला लागला, तसं त्यांनी काहीतरी म्हटलं. तो परत जवळ सरकला.